शेरा : दिवस शांत

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

गौतमी सकाळी ९.२० ला शिरूरहून पाटसला आली. बरोबर तीन खोकी आणि ती बसवायला एक माणूस. दुपारी दोनपर्यंत भिंतींना भोकं पाडणं चाललं होतं. आता स्वयंपाकघरात एक कॅमेरा, बाहेरच्या खोलीत एक, दाराला बोटानं उघडणारं कुलूप आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर एक गोल डबा. तो बोलतो. नाव सई. 'सई' म्हटलं की त्याच्या कडेनं हिरवा उजेड फिरतो आणि एक पोरगी बोलायला लागते. एकदम शुद्ध, बातम्या दिल्यासारखी.

हे सगळं जाईसाठी. माझ्या बायकोला दीड वर्षापासून विसरायला होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, ते मी लिहीत नाही. गेल्या महिन्यात मी चौकात चहाला गेलो, तेवढ्यात ती बाहेर पडली आणि सोलापूर रस्त्यावर सापडली. अनवाणी, ट्रकच्या बाजूनं चालत. कवठे येमाईला, आईकडं निघाले म्हणाली.

"मी हाय ना घरात," मी गौतमीला म्हणालो.

"तुम्ही हाय, आबा. पण तुम्हाला बहात्तर झाली. आन् मी रांजणगावला कंपनीत. घरात काय चाललंय ते मला दिवसातनं एकदा तरी कळाया नको का?"

एकुलती एक लेक. तिच्याशी किती वाद घालायचा.

सई रोज संध्याकाळी आठला तिच्या फोनवर अहवाल पाठवणार. आई काय जेवली, गोळ्या घेतल्या का, किती वेळा दाराशी गेली. शेवटी एका ओळीचा शेरा. तोच माझ्याही फोनवर येणार.

मी कारखान्यात तेहेतीस वर्षं टाइमकीपर होतो. गेटवर बसून माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. सहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस गैरहजर, मग तो माझा सख्खा साडू असला तरी. तेव्हा अहवाल काय असतो हे मला कुणी शिकवायला नको. जो लिहितो त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून आजपासून मीही लिहिणार. खताच्या दुकानातून मिळालेली डायरी मार्चपासून कोरीच पडली होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवसांत सईच्या सात चुका. नळाला पाणी कधी येतं विचारलं तर पाणी पिण्याचे फायदे सांगितले. जाई शेजारच्या कोंबडीला 'शुई, शुई' करून हुसकत होती, तर 'आपण मला बोलावलंत का' म्हणाली. काल जाईनं गोळी तोंडात घेतली आणि माझ्यादेखत तुळशीच्या कुंडीत थुंकली. अहवालात 'गोळी घेतली'. यंत्राला हात तोंडाकडं गेलेला दिसतो, गोळी पोटात गेलेली दिसत नाही.

गौतमीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "शिकंल ती हळूहळू." कारखान्यात नवीन कारकून लागला की साहेबही असंच म्हणायचे.

९ नोव्हेंबर, रविवार

कुलपाला माझं बोट लागत नाही. लागलं तर पाचातनं एकदा. रेशनच्या दुकानातही माझा अंगठा लागत नाही, रेषा झिजल्यात म्हणतात. नकुशीचं बोट मात्र पहिल्या फटक्याला लागतं. नकुशी शेजारच्या वस्तीवरची, दोन वेळा येऊन भाकऱ्या करून देते. म्हणजे माझ्या घरात परकी बाई बिनधास्त येणार, आणि मी पायरीवर उभा राहून बोट पुसत बसणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जाईचा एकच प्रश्न, दिवसातनं तीस-चाळीस वेळा. "आई कवा येणार?" मी खरं ते सांगतो. आई गेली तुझी, नव्व्याण्णव साली, तू होतीस तिथं. मग ती जणू पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. अर्ध्या तासानं परत विचारते. मी परत सांगतो. खोटं बोलणं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

आज ती सईला विचारत होती. सई म्हणाली, "तुमच्या आईबद्दल मला सांगा ना. त्या कशा होत्या?" आणि जाई पाऊण तास बोलत बसली. रडली नाही. आई गेली हे काही सईनं तिला सांगितलं नाही. लोकांना हे गोड वाटेल. मला तरी ही फसवणूकच वाटते.

नकुशी म्हणाली, "बरं हाय की मामा, मावशी हसती तरी."

मी म्हणालो, "हसली म्हंजी बरी झाली का?"

नकुशी भाकरी थापत राहिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आता जाई माझ्याशी फार बोलत नाही. सकाळी उठली की फळीपुढं खुर्ची ओढून बसते. नकुशीला म्हणते, "त्या पोरीला च्या दे, कवाची बोलतीय." मी आतल्या खोलीत पेपर धरून ऐकत असतो. ऐकत असतो म्हणजे, कानावर पडतं.

आज कळलं की चौथी ते सातवी तिचा पहिला नंबर होता. सातवीनंतर शाळा सोडवली तेव्हा गुरुजी स्वतः घरी चालत आले होते, हिला शिकवा म्हणून. शेचाळीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. जेवताना विचारलं, "तू मला कवा सांगितलं न्हाईस ते." ती म्हणाली, "काय?" तेवढ्यात विसरली होती.

मी कधी विचारलं होतं का, हे आठवून पाहिलं. नसावं. कारखान्यातून आला की माणूस दमलेला असतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी १०.०५ ला दळण आणायला गेलो. १०.३० ला परत. कुलूप उघडेना. बोट पुसलं, थुंकी लावली, धोतराला घासलं, तरी लाल दिवाच. खिडकीतून जाई दिसत होती, सईपुढं बसलेली. दार वाजवलं. ती उठली, दाराशी आली आणि म्हणाली, "घरी कुणी न्हाई, मागनं या." आणि परत जाऊन बसली.

मग वास आला. दूध गॅसवर ठेवून ती विसरली होती. ते उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस सुटला होता. गौतमीला सहा फोन केले. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवतात. शेवटी पळत नकुशीच्या वस्तीवर गेलो. या वयात पळालो. ती आली, बोट लावलं, दार उघडलं. १०.५२.

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. जाई सईला म्हणत होती, "बघ, हे आले." हसून म्हणत होती. मग मी तिचा दंड धरला. थोडा जोरात धरला. हलवलं तिला. काय बोललो ते आठवत नाही.

नकुशी म्हणाली, "मामा, सोडा. सोडा त्यास्नी."

संध्याकाळी आठला अहवाल आला. दूध घेतलं नाही. पाणी पाच वेळा. सईशी संवाद दोन तास दहा मिनिटं. शेरा : दिवस शांत गेला.

यंत्राला नाक नाही. हे गौतमीला सांगणार होतो. तिचा फोन ८.४० ला आला तेव्हा तिनं अहवाल वाचला होता आणि आवाजावरून बरी वाटत होती. गॅसचं सांगितलं. दंडाचं सांगण्यासारखं काही नव्हतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दंडावर निळं झालंय, चार बोटांएवढं. या वयात कातडी पातळ होते, नुसता धक्का लागला तरी डाग पडतो. नकुशीनं खोबरेल लावलं. भाकऱ्या झाकून लगेच निघून गेली.

६ डिसेंबर, शनिवार

जाईला पांढरी साडी नेसवून विहारात नेलं. त्रिशरण, पंचशील एक शब्द न चुकता म्हटलं तिनं. माझंच मध्ये एका ठिकाणी चुकलं, तिनं कोपरानं ढोसलं. पूर्वी करायची तसं. येताना हात धरून आलो. शेरा : जाईबाई सकाळी दोन तास घरात नव्हत्या. कारण समजले नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आजचं सगळं सविस्तर लिहितो, कारण पुढं कुणी विचारलं तर लेखी असावं.

सकाळी मी आंघोळीला गेलो होतो. काहीही झालेलं नव्हतं. जाईनं पोहे खाल्ले होते, शांत होती. ११.१५ ला गौतमीची गाडी दारात. कामाच्या वारी, कंपनीच्या ड्रेसवर. बसली नाही, पाणी घेतलं नाही. फोन माझ्यापुढं धरला. त्यावर लाल अक्षरात, 'तातडीनं लक्ष द्या. जाईबाईंनी सांगितलं की आज सकाळी पतीनं मारहाण केली.'

मी म्हणालो, "कुणी? मी?"

तिनं बटण दाबलं. जाईचा आवाज आला.

"हितं मारलं. दंडावर, आन् तोंडावर. मी दौंडला गेले व्हते ना मुलाखतीला. न सांगता गेले म्हून."

मग सई. "हे कधी झालं, जाईबाई?"

"आत्ता. सकाळच्याला."

"ते आता घरात आहेत का?"

"ड्यूटीवर गेलेत."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. चूक मला तिथल्या तिथं सापडली होती.

"हे बघ," मी म्हणालो, "ड्यूटीवर गेलेत म्हणती. मला रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. हे आजचं न्हाईच. अंगणवाडीच्या मुलाखतीला ती दौंडला गेली व्हती ती श्याऐंशी साली, जूनमधी. तारीख चुकली तुझ्या यंत्राची. एका दिवसानं न्हाई, एकोणचाळीस वर्षांनी."

गौतमीनं फोन खाली घेतला. मग म्हणाली, "म्हंजी मारलं व्हतं."

"मी तारखेचं बोलतोय."

"मी पण तारखेचंच बोलतीय, आबा."

तिला मुद्दा कळेना असं वाटून मी दुसरा दाखला दिला. "गेल्या महिन्यात सत्तावीस तारखेला, गॅस सुटला तवा, मी खरंच तिचा दंड धरला. निळा डाग पडला. नकुशीनं डोळ्यांनी बघितला. आन् तुझ्या सईनं त्या दिवशी काय लिहिलं? दिवस शांत. कॅमेरा समोर असून. म्हंजी झालं त्या दिवशी शांत, आन् काही झालं न्हाई त्या दिवशी मारहाण. असल्या नोंदीवर मी कुणाचा अर्धा ताससुद्धा कापला नसता."

मी चांगला बोलत होतो. मुद्देसूद. बोलता बोलता लक्षात आलं की ती ऐकत नाहीये. ती आईजवळ जाऊन खाली बसली होती आणि तिच्या झंपराची बाही वर करत होती. डाग पिवळा पडला होता, बराचसा गेलाही होता. तिनं त्यावर हात ठेवला, माप घेतल्यासारखा.

"मी रोज तो शेरा वाचून झोपायचे," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. "दिवस शांत वाचलं की डोळा लागायचा. माझीच चूक."

"व्हय, तेच म्हणतोय मी. यंत्रावर भरवसा..."

"मी चार वर्षांची व्हते, आबा. दाराच्या मागं. आई म्हणाली, डोळं मीट. मी न्हाई मिटले."

मग ती उठली आणि कपाटातून आईच्या साड्या काढायला लागली. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "म्हातारपणी माणूस निवतो म्हणतात. मला बघायचं व्हतं, निवला का. ती खोकी काय नुसती आईसाठी आणली न्हवती."

१२.४० ला गाडी गेली. जाई पुढच्या सीटवर. काच खाली करून तिनं नकुशीला हात केला. कवठ्याला चाललेय असं तिला वाटत असावं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

माझा एकही मुद्दा गौतमीनं खोडला नाही. तारीख चुकली होती, हे तिनंही नाकारलं नाही. सत्तावीसचा शेरा खोटा होता, हे मीच सिद्ध केलं. तरी जाई गेली ती माझ्याच घरातून.

लिहायचंच तर सगळं लिहावं. श्याऐंशीच्या त्या दिवशी गेटवर एक फिटर म्हणाला, टाइमकीपरसाहेब, वहिनी दौंड स्टेशनला दिसल्या, एकट्याच. बाकीचे हसले. एक जण म्हणाला, साऱ्या कारखान्याची आवक-जावक लिहितो, घरच्या माणसाची पत्ता नाही. मी घरी गेलो ते हसणं कानात घेऊन. जाई खुशीत होती. सगळी उत्तरं बरोबर आली म्हणाली. पुढं तिला नेमणुकीचा कागद आला होता. तो माझ्याकडं होता. नंतर कुठं गेला ते आठवत नाही.

त्यानंतर मी तिला फारसं मारलं नाही. त्यानंतर ती कुठं गेलीही नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

नकुशी येत नाही. निरोप पाठवला तर म्हणाली, मावशी असत्या तर आले असते. मी चौकातून पार्सल आणतो. कुलपाला पाना लावून दांडाच काढून टाकला, दार आता नुसतं लोटलेलं असतं. कुणी येत नाही.

गौतमीला फोन केला. कॅमेरे काढ म्हणालो. ती म्हणाली, "राहू द्या. एकटे हाय तुम्ही. पडलात बिडलात तर कळंल." आई कशी हाय विचारलं. "बरी हाय," म्हणाली आणि ठेवला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज मी पहिल्यांदा त्या डब्याला नावानं हाक मारली. म्हणालो, सई, अकरा डिसेंबरची नोंद दुरुस्त करायची आहे.

"क्षमा करा, जुन्या नोंदी बदलता येत नाहीत."

मी म्हणालो, ती घटना जून श्याऐंशीची आहे, तू अकरा डिसेंबरला टाकलीस. आमच्याकडं चूक झाली तर लाल शाईनं दुरुस्ती व्हायची, वर साहेबांची सही.

"तुमची भावना मी समजू शकते. त्या दिवशी काय झालं ते मला सांगायचं आहे का?"

तोच आवाज, तोच मायाळूपणा. जाईला विचारायची तसं. मी प्लग काढला. पाचव्या मिनिटाला फोनवर आलं, उपकरण बंद आहे, कुटुंबातील सदस्यास कळवले आहे. गौतमीचा फोन येईल म्हणून थांबलो. जेवण तसंच ठेवून नऊपर्यंत थांबलो. मग प्लग परत लावला.

२४ डिसेंबर, बुधवार

हरिबा भेटला चौकात. कारखान्यात क्रेनवर होता, आता मेंढरं विकून डाळिंब लावलंय. म्हणाला, "वहिनी लेकीकडं गेल्या म्हणं. कवा येणार?"

मी म्हणालो, "येईल."

माझ्या तोंडून किती सहज निघालं ते. त्याच्याशी खरं का बोललो नाही, कळत नाही. घरी येऊन बराच वेळ अंगणात बसलो. जाई विचारायची तेव्हा एकदा जरी असं म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं. तो डबा हे पहिल्या पंधरवड्यात शिकला.

४ जानेवारी २०२६, रविवार

शेवटी गौतमी म्हणाली, या, पण दोन तास. चौफुल्याला गाडी बदलली, न्हावऱ्यावरून शिरूर. गाडीत एक वाक्य जुळवत होतो. जाई, श्याऐंशी साली माझं चुकलं. मग वाटलं, साल कशाला घालायचं. साल काढलं. मग वाटलं, निव्वळ 'चुकलं' म्हटलं तर कशाबद्दल ते तिला कसं कळणार. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी गाडी पाऊण तास अडकली, तरी वाक्य पूर्ण झालं नाही.

गौतमीचं घर दुसऱ्या मजल्यावर. आत गेल्या गेल्या मी भिंती बघितल्या. कॅमेरा नाही, डबा नाही, कुलूप साधं.

"हितं न्हाई बसवलं काही?"

"हितं काय गरज?" ती म्हणाली. एक महिन्याची बिनपगारी रजा घेतलीय म्हणाली. डोळ्यांखाली काळं झालंय तिच्या. जावई बाजारात गेला होता, की मी येणार म्हणून गेला होता, विचारलं नाही.

जाई गॅलरीत उन्हात बसून वाटाणे सोलत होती. केसांना तेल, वेणी घातलेली. अंगानं भरलीय. मला बघून तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि सरकून जागा केली.

"बसा पाव्हणं. लांबनं आला का?"

"पाटसहून."

तिचा हात थांबला. आत गौतमी चहा टाकत होती, तिकडं तिनं एकदा पाहिलं. मग माझ्याकडं वाकली आणि हळू आवाजात बोलली.

"पाटसला आमचे हे असत्यात. कारखान्यात टाइमकीपर हायत. वळखता का?"

"वळखतो."

"मग एक काम करा. मी हितं हाय म्हून त्यास्नी सांगू नका."

वाक्य तोंडाशी होतं. मी तिच्या हातांकडं बघत राहिलो. नखांत हिरवं गेलं होतं.

"न्हाई सांगत," मी म्हणालो.

"शप्पथ?"

"शप्पथ."

तेव्हा तिनं मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "खावा. कवळं हायत."